फुल्वियाच्या डाव्या सीटवरून सिंगापूर

मुंबई विमानतळावर माझी पर्स यंत्रातून बाहेर आली आणि तपासणीच्या बाईंनी ती बाजूला ओढली. आतून निघालं किल्ली द्यायचं जुनं स्टॉपवॉच. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. आता असं विचारल्यावर मी गप्प बसणार होय? मी सांगायला लागले, की बाई गं, हे हातात धरून मी एकवीस वर्षं मोटार रॅलीत नवऱ्याच्या शेजारी बसले आहे, तो चालवायचा आणि मी रस्ता सांगायचे, वेळ सांभाळायचे, आणि कुठल्याही प्रवासाला जाताना ते माझ्याबरोबर असतंच. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी दोनदा घसा खाकरला तेव्हा कुठे मी थांबले. बाईंनी हसून घड्याळ परत दिलं.

दिलीप, म्हणजे माझा नवरा, बरोबर नव्हता. पुण्यातलं गॅरेज महिनाभर बंद ठेवायचं म्हटलं की त्याचा जीव खालीवर होतो. म्हणून लेकाकडे मी एकटीच निघाले. निघताना त्याने एवढंच बजावलं, "तिकडे मोठ्या शर्यतीचे दिवस आहेत. एखादी इटालियन गाडी जवळून बघ आणि तिचा आवाज मला फोनवर ऐकव."

इटालियन गाड्यांचं आमच्या घरात एवढं कौतुक का, ते सांगायला हवं. आम्ही रॅली केल्या त्या पद्मिनीत. कुर्ल्याला बनणारी, टॅक्सी म्हणून सगळ्यांनी हिणवलेली आमची पद्मिनी! पण तिचं माहेर इटलीतलं तुरीन शहर. तिकडची अकराशे सीसीची गाडी इकडे आली, नाव बदललं आणि आपली झाली. दिलीपने तिच्या कार्बुरेटरवर इतके प्रयोग केले, की ताम्हिणीच्या चढावर ती भल्याभल्यांना मागे टाकायची. त्यामुळे इटालियन गाडीचा विषय निघाला की आम्हाला सासरच्या माणसांविषयी बोलल्यासारखं वाटतं, कौतुकही करायचं आणि खोडीही काढायची.

सिंगापूरला उतरले ती २०१६ सालच्या सप्टेंबरातली दुपार होती. मुलगा, निखिल, घ्यायला आला होता. तो इथे आयटीत आहे. टॅक्सी शहरातून जाताना मी काचेला नाक लावून बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे कठडे, त्यावर जाळ्या, वर दिव्यांच्या माळा बांधलेले उंच खांब! रोजच्या ऑफिसला जायच्या रस्त्याचंच शर्यतीचं मैदान केलं होतं. मी निखिलला म्हटलं, "अरे, थांबव ना गाडी, मला त्या वळणावर उभं राहायचंय." तो म्हणाला, "आई, इथे कुठेही गाडी थांबवता येत नाही. कडेला डबल पिवळी रेघ दिसतेय ना?" मी रेघेकडे पाहिलं आणि जाऊ दे म्हटलं. ही रेघ मला पुढे चांगलीच नडणार होती.

निखिल राहतो यिशुनला. सरकारी इमारतींचं मोठं गाव आहे ते, उत्तरेकडे. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली व्हॉइड डेक (इमारतीच्या तळाची खांबाखांबांची मोकळी जागा), शेजारी गाड्या ठेवायची पाच मजली इमारत. नात ईरा नऊ वर्षांची. मी तिला विचारलं, "आजीबरोबर शर्यत बघायला येशील?" तर म्हणाली, "कॅनॉट ला (नाही जमणार), आजी. परीक्षा आहे." मी म्हटलं, बरं बाई, तू तुझा अभ्यास कर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. इथे कपडे बांबूच्या काठीला अडकवून काठी बाहेर सरकवायची असते, आणि माझी पहिली काठी सरकवताना निखिलची पँट खालच्या मजल्यावर गेलीच होती. दुसरी काठी हातात असताना खालून आवाज आला. इंजिन! साधं नाही, कोरडं, खडखडीत, जरा खोकल्यासारखं सुरू होऊन मग एकदम गाणं म्हणायला लागणारं. मी काठी तशीच ठेवली आणि चपला घालून लिफ्टकडे धावले.

गाड्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती उभी होती. छोटीशी, फिकट पिवळी, दोन दारांची, छताचे खांब काडीसारखे बारीक. फुल्विया कूपे! मी ती आयुष्यात फक्त मासिकांत पाहिली होती. तुरीनचीच लेक, पण पद्मिनीपेक्षा किती तरी तोऱ्यातली. तिच्या इंजिनाचे चार सिलिंडर अरुंद व्ही आकारात, अख्खं इंजिन एका कुशीवर कललेलं. आणि बहात्तर साली, सगळे तिला म्हातारी म्हणत असताना, बर्फातल्या माँटे कार्लो रॅलीत दुप्पट ताकदीच्या गाड्यांना हरवून पहिली आलेली! मी मोठ्यांदा ओरडले, "अगं बाई, तू इथे?"

बॉनेटमागून एक म्हातारे गृहस्थ उठले. अर्धी चड्डी, बनियन, हातात फडकं. मी इंग्रजीत म्हटलं, "डाव्या बाजूच्या कार्बुरेटरला हवा जास्त जातेय." त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या साडीकडे पाहिलं. मी स्क्रू ड्रायव्हर मागितला, त्याची मूठ कानाला आणि टोक कार्बुरेटरला लावलं, दिलीप लावतो तसं, आणि ऐकत ऐकत स्क्रू पाव फेरा फिरवला. खोकला थांबला. म्हातारेबुवा म्हणाले, "वा ला!" आणि आमची ओळख झाली.

ते मिस्टर लिम. चौऱ्याहत्तर वर्षांचे, छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला खालच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या टपऱ्यांचं मोठं छप्पर) नेलं आणि कोपी (कंडेन्स्ड दुधाची दाट कॉफी) पाजली. मी कॅरट केक मागवला. आली ती मुळ्याची, अंडं घालून तव्यावर परतलेली वडी. गाजराचा पत्ता नाही! पण झणझणीत, लसणीची, इतकी चविष्ट, की मी दुसरी बशी मागवली.

आणि मग आम्ही दोघं जे बोलायला लागलो! इटलीतली जुनी हजार मैलांची शर्यत, उघड्या रस्त्यांवरून, गावागावांतून, आणि त्यातला तो नॅव्हिगेटर (ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता सांगणारा), ज्याने सगळी वळणं कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर लिहून ती एका डबीत बसवली आणि हातवारे करून ड्रायव्हरला खुणावत राहिला. मी मिस्टर लिमना सांगितलं, की आम्ही नॅव्हिगेटर मंडळी त्या गुंडाळीला देव मानतो. मग ते फुल्वियाच्या पुढच्या पिढीवर घसरले. पाचरीसारखी, जमिनीला चिकटलेली स्ट्रॅटोस, आणि तिच्यानंतर चारही चाकं ओढणारी ती चौकोनी डेल्टा, जिने ओळीने सहा वर्षं जगाचं अजिंक्यपद घरी नेलं. त्यांनी टेबलावर चॉपस्टिक, मिठाची बाटली आणि माझी बशी मांडून मला एक वळण करून दाखवलं.

"आणि इथे?" मी विचारलं. "इथली शर्यत तर परवापरवाची ना?"

त्यांनी मान हलवली. छे, साठच्या दशकापासून पुढे बरीच वर्षं इथे खरीखुरी ग्राँप्री व्हायची, थॉमसन रस्त्यावर. जंगलातला रस्ता, कडेला विजेचे खांब, बसथांबे, गटारं. लोक गवतावर बसायचे, झाडांवर चढायचे. तरुण लिम एका वळणावर झेंडा घेऊन उभे असायचे. इटालियन गाडी आली की डोळे मिटले तरी कळायचं, म्हणाले. तिथेच त्यांनी ठरवलं, की एक दिवस आपल्याकडे इटालियन गाडी असेल.

इतक्यात एक बाई येऊन आमच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. आखूड पांढरे केस, हातात भाजीची पिशवी. मिसेस लिम. नवऱ्याला सोडून त्या थेट मला म्हणाल्या, "तुम्हाला ह्याने रविवारचं सांगितलं का?"

मिस्टर लिमनी सांगितलं नव्हतं. मग मिसेस लिमनीच सांगितलं. रविवारी जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींची फेरी होती. शर्यत नव्हे, वेगाची मर्यादा पाळायची, फक्त वेळ अचूक साधायची. ठरलेल्या वेळी शेवटच्या टेबलाशी, म्हणजे टाइम कंट्रोलला, कार्ड द्यायचं. उशीर झाला तर सेकंदाला एक गुण दंड, लवकर पोचलात तर दुप्पट. नेमकं आमच्या रॅलींसारखं! मिसेस लिम तीस वर्षं नवऱ्याच्या नॅव्हिगेटर होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या गाडीतून उतरल्या त्या उतरल्याच, कारण हा माणूस ऐकत नाही. तेव्हापासून तो प्रत्येक फेरीत चुकत होता. वळणं चुकली, एकदा आरसा खांबाला घासला.

"आता जपानमधून एक गिऱ्हाईक आलं आहे," त्या म्हणाल्या. "मी ह्याला अट घातली आहे. रविवारी पाच सेकंदांच्या आत आलास तर गाडी राहील. नाही तर गाडी जाईल आणि तुझं चालवणं बंद. शेवटच्या टेबलावर मीच बसणार आहे."

"आणि तुम्ही कबूल झालात?" मी मिस्टर लिमना विचारलं.

"झालो," ते म्हणाले. "पण माझा नॅव्हिगेटर परवा पाठ धरून झोपला."

मी कोपीचा शेवटचा घोट घेतला.  बारा वर्षांत मी रॅलीच्या गाडीत पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "कॅन?" ते म्हणाले, "कॅन ला, कॅन!" मिसेस लिमनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमचं तरी ऐकू दे."

सरावाला गाडी मिळणार नव्हती. जुन्या गाडीला इथे वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर येता येतं, एकेक दिवस जपून वापरावा लागतो. मग आम्ही व्हॉइड डेकमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या शेजारी मांडल्या. मिस्टर लिम हातात ॲल्युमिनियमची थाळी धरून बसले, मी स्टॉपवॉच घेऊन. मी "दोनशे मीटर, डावं, आवळत जाणारं" म्हटलं की ते थाळी फिरवायचे आणि तोंडाने गिअर बदलायचे. ईरा शाळेतून आली, आम्हाला पाहिलं आणि दप्तर चेहऱ्यासमोर धरून लिफ्टकडे पळाली. "सो पाय-से (किती लाजिरवाणं), आजी!" म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आजोबांबरोबर मी हे जेवणाच्या टेबलावर करायचे.

रविवारी सकाळी आठ वाजता चोआ चू कांगच्या मैदानापाशी गाड्या जमल्या. वीसेक असतील. ब्रिटिश उघड्या गाड्या, एक गोगलगायीसारखी फ्रेंच, आणि आमची पिवळी. मी साडी नेसायचा हट्ट सोडून रेवतीचा, म्हणजे सुनेचा ट्रॅकसूट घातला होता. मला इतकी घाई झाली होती, की मी सवयीने दार जोरात ओढलं आणि फुल्वियाच्या नाजूक दाराने माझ्यावर ओरडल्यासारखा आवाज केला. मिस्टर लिमनी डोळे मिटून घेतले. "सॉरी," मी म्हटलं, "आमच्या पद्मिनीला तेवढं लागतं."

पत्रक हातात आलं. लिम चू कांगच्या शेतांमधून, क्रांजीवरून, मांडाईच्या जंगलाकडून अपर थॉमसन रस्त्याला लागायचं, आणि शेवट सेंबावांगला समुद्राकाठच्या बागेत. मी पेन्सिल काढली आणि हिशेब मांडला. आणि इथेच घोळ केला, जो फक्त आमच्यासारखीच करू शकते. मी चार मिनिटं हातची ठेवली. कशासाठी? रेल्वेचं फाटक, म्हशी, खड्डे, वरात, कुठे रस्ता खणलेला, कुठे ट्रक आडवा. एकवीस वर्षांची सवय! आमच्याकडे चार मिनिटं राखीव न ठेवणाऱ्या नॅव्हिगेटरला लोक वेड्यात काढतात. मी मिस्टर लिमना त्या मानाने जरा पुढे ठेवत गेले.

आणि काय तो रस्ता! लिम चू कांगचा सरळसोट पट्टा, वेळ आली तर विमानं उतरवता येतील असा. काचा खाली, वारा आत, इंजिन गातंय, स्टिअरिंग मिस्टर लिमच्या हातात किती हलकं! मी ओरडत होते, "साठ, साठ धरा, वर नाही!" आणि ते हसत होते. मी फोन काढून दिलीपला लावला आणि तो इंजिनाकडे धरला. पलीकडून दिलीपचा आवाज, "अगं, व्ही फोर! कुठे सापडली?" मी म्हटलं, "नंतर सांगते, कामात आहे," आणि ठेवून दिला. सुख म्हणजे दुसरं काय असतं, मला नाही माहीत.

मांडाईपर्यंत एक म्हैस नाही. एक खड्डा नाही. सिग्नलही धडाधड हिरवे. अपर थॉमसन रस्त्याला लागताना मी घड्याळ पाहिलं. आम्ही पावणेचार मिनिटं लवकर होतो. दुप्पट दंड! "थांबा, कडेला घ्या," मी म्हटलं.

"कॅनॉट," ते म्हणाले. "डबल पिवळी रेघ."

मी त्या रेघेला मराठीत काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. हळू जावं तर मागे बस. मी त्यांना कबूल करून टाकलं, की चूक माझी आहे, मी पुण्याच्या हिशेबाने चार मिनिटं जास्त धरली. मला वाटलं चिडतील. पण ते एकदम खुलले. "चार मिनिटं?" म्हणाले, "मग मला एक रस्ता माहीत आहे."

त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही जुन्या अपर थॉमसन रस्त्यावर होतो. तोच, शर्यतीचा! आता एकेरी आहे, मुख्य रस्त्यापासून निघून जंगलातून वळसा घेत पुन्हा त्यालाच मिळतो. पत्रकात तो नव्हता, पण वळसा घ्यायला बंदीही नव्हती. दोन्ही बाजूंनी झाडं वर मिटलेली, हवा एकदम गार. आणि वळणं काय! आत, बाहेर, पुन्हा आत. चाळीसच्या वेगातही माझ्या अंगावर काटा आला. "इथे लोक बसायचे," मिस्टर लिम सांगत होते. "इथे एकाची गाडी गटारात गेली. इथे मी उभा असायचो, त्या झाडाशी!" ते चौऱ्याहत्तरचे उरलेच नव्हते. मीसुद्धा बासष्टची नव्हते.

पुढच्या डाव्या वळणाच्या आतल्या अंगाला एक माकडीण रस्त्यावर येत होती, पोटाला पिल्लू. मला ती चांगली तीस मीटरवरून दिसली. त्यांनाही दिसली असेल असं मी धरून चालले. गाडी हळू होईना. वीस मीटर. मी ओरडले, "माकड! ब्रेक!" त्यांनी ब्रेक दाबला, गाडी वाकडी होऊन थांबली, इंजिन बंद पडलं. माकडीण आमच्या बंपरपासून हातभर अंतरावरून झाडीत गेली.

"कुठे होतं माकड?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझी डावी तर्जनी वर केली आणि हळूहळू मागे नेली. "बोट दिसतंय?" "नाही," ते म्हणाले. बोट अजून पुढच्या काचेपाशीच होतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"वर्ष. समोरचं नीट दिसतं. डावीकडचं धूसर होतं. डॉक्टरकडे गेलो तर लायसन्स जाईल म्हणून गेलो नाही." मग खालच्या आवाजात, "मॅडम, तिला सांगू नका. शेवटच्या टेबलापर्यंत तरी नको."

मी भयंकर चिडले. "तुम्ही मला ह्या सीटवर बसवलंत आणि सांगितलं नाही?" मी म्हटलं. "नॅव्हिगेटरला सगळं सांगायचं असतं! उद्या माकडाच्या जागी कुणाचं पोर असेल!"  मी म्हटलं, "तुम्हीच सांगा तिला, आज. नाही तर मी सांगेन." त्यांनी मान हलवली.

आता घड्याळ पाहिलं. लवकर कुठले, आम्ही वीस सेकंद उशिरा होतो. मी तिथेच गाडी सोडून द्यायला हवी होती, असं आज वाटतं. पण कबूल करते, मला हाव सुटली होती. त्या म्हाताऱ्याची गाडी राहावी अशी हाव, आणि मलाही ती वेळ साधायची होती. मी म्हटलं, "चाळीसच्या वर जायचं नाही. डावीकडचं सगळं मी बोलणार. मी बोलेन तेवढंच जग आहे असं समजा." आणि मी बोलत सुटले. डावीकडे सायकलवाला, अंतर ठेवा. डावीकडे बसथांबा, दोन माणसं, उभीच आहेत. डावीकडे फाटक, मोकळं. मोठ्या रस्त्याला लागलो, यिशुनचं वळण आलं, सिग्नल हिरवा मिळाला, पुढचाही मिळाला, आणि सेकंद एकेक करून परत हातात यायला लागले. आयुष्यात मी इतकी सलग बोलले नसेन, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे हे किती मोठं विधान आहे. मिस्टर लिम माझा शब्द न् शब्द ऐकत होते.

सेंबावांगच्या बागेत झाडाखाली टेबल, त्यावर मोठं घड्याळ, त्यामागे मिसेस लिम. मी कार्ड हातात धरून खिडकीबाहेर अर्धी लोंबकळले. "दहा, नऊ, आठ... हळू... चार, तीन..." आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "शून्य," त्या म्हणाल्या. "शून्य सेकंद!" आणि ह्या कडक बाईच्या डोळ्यांत पाणी! त्यांनाच गाडी जायला नको होती, हे मला तेव्हा कळलं. आसपासच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मला काया टोस्ट (नारळाचा गोड मुरंबा लावलेला पाव) भरवला. मी नाचायचीच बाकी होते.

मिस्टर लिम मात्र उतरले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत राहिले.  मग त्यांनी बायकोला खिडकीपाशी बोलावलं आणि गाडीची किल्ली काढून तिच्यासमोर धरली. "मला माकड दिसलं नाही," ते म्हणाले. "ह्यांना दिसलं. मला वर्षभर डावीकडचं दिसत नाही."

 मिसेस लिम समुद्राकडे वळल्या. मला वाटलं आता संपलं, शून्य साधून गाडी गेली ती गेलीच. मग त्यांनी कार्डं शेजारच्या माणसाच्या हातात दिली, किल्ली घेतली आणि चालकाचं दार उघडलं. "उतर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिकडे बस."

"तुला चालवता येते?" ते म्हणाले.

"चाळीस वर्षं लायसन्स आहे. तू कधी दिलीस का?" मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही? तुमच्या नवऱ्याची गाडी?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की एकवीस वर्षांत रॅलीतली पद्मिनी मी एकदाही चालवली नव्हती. त्याने दिली नाही असं नाही म्हणणार, मी मागितलीच नव्हती. "नाही," मी म्हटलं.

मी मागच्या इवल्याशा सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले. मिसेस लिमनी गाडी दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा फुल्विया हिसका देऊन निघाली. "डावीकडे वळायचंय," मिस्टर लिम म्हणाले. "फार लवकर सांगतोस," त्या ओरडल्या, "वळण येऊ दे की!" यिशुन येईपर्यंत दोघं अखंड भांडत होती आणि गाडी सुरेख चालली होती.

जपानच्या गिऱ्हाइकाला मिसेस लिमनी दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. त्याच आठवड्यात त्या नवऱ्याला नोव्हेनाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. गेलेलं परत येणार नव्हतं, पण राहिलेलं औषधाने सांभाळता येईल, असं कळलं. मी निघायच्या आदल्या दिवशी दोघं व्हॉइड डेकमध्ये खुर्च्या मांडून बसली होती. थाळी आता मिसेस लिमच्या हातात होती.

मोठी शर्यत मी निखिलबरोबर टीव्हीवर पाहिली. छान होती. पण मला सारखं वाटत होतं, की एवढ्या दिव्यांच्या लखलखाटात त्या चालकांच्या शेजारी कुणीच कसं नाही? कुणाशी भांडतात ते?

मुंबईला सकाळी उतरले. दिलीप घ्यायला आला होता. खोपोलीपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं, कार्बुरेटरपासून किल्लीपर्यंत. तो मधे मधे "अरे वा" म्हणत होता, पण त्याचं निम्मं लक्ष समोरच्या ट्रकवर होतं. घाटाच्या आधी आम्ही वडापाव खायला थांबलो. खाऊन झाल्यावर तो हात पुसत नेहमीसारखा आपल्या दाराकडे गेला, तर तिथे मी उभी.

"काय गं, काय राहिलं?"

"किल्ली दे. घाट मी चालवणार."

 तो खिशात हात घालत म्हणाला, "अगं पण, वळणं माहीत आहेत का तुला?"

"इतकी वर्षं तुला कोण सांगत होतं?" मी म्हटलं आणि गाडीत बसले.